किल्ली जमा करण्याबाबत

पत्र आलं तेव्हा डाव रंगात होता.
राणी भोकाच्या तोंडाशी,
जुनैदचं बोट स्ट्रायकरमागे ताणलेलं,
आणि मी कूलरमध्ये बादलीनं पाणी ओतत होतो.
मे महिना. कामठी रोडवरचा जुना नाका.
जकात गेली, नाका उरला,
नाक्यात मनपाचं युवक केंद्र,
केंद्रात मी, मानधन सहा हजार.

विषय : निधीअभावी केंद्र बंद करणे
व किल्ली जमा करण्याबाबत.

जुनैदनं आधी राणी घेतली, मग कव्हर घेतलं,
मग विचारलं,
"काका, हे निधी कोन व्हय?"

कोणी हसलं नाही. मग सगळेच हसले.
त्या दिवसापासून हजेरीपटात
शेवटचं नाव तिचं.
रोज संध्याकाळी प्रांजू पुकारते, "निधी?"
कोपऱ्यातून कोणी ओरडतं, "मामाच्या गावाले गेली!"
कोणी, "स्थायी समितीत बसून राहिली!"
एखाद्या दिवशी नुसती कूलरची घरघर.

मी गेलो होतो हो किल्ली घेऊन.
झोन ऑफिसात तिसऱ्या टेबलावर डोईफोडे बाबू.
"किल्ली आवक लिपिकाकडं द्या."
आवक लिपिक?
"रिटायर झाले मार्चमध्ये. पद रिक्त आहे."
मग द्यायची कोणाकडं?
"पद भरलं की या."
मी पावती मागितली,
किल्ली न घेतल्याची.
त्यांनी पंख्याकडं बघितलं.

परतताना चौकात पोहे खाल्ले, तर्री जास्तीची.
डोळ्यांत पाणी आलं ते तर्रीचंच,
असं धरून चाला.

मीटर कापलं तेव्हा
तार आली शेजारच्या सायकलवाल्याकडून;
त्याच्या पोराला प्रांजू अपूर्णांक शिकवते,
बिल तेवढंच.
कॅरमची पावडर संपली तर
जुनैद घरून अम्मीचा पावडरचा डबा आणतो,
आणि दोन दिवस सगळ्या सोंगट्यांना
मोगऱ्याचा वास.
यामिनी हेडाऊ पहाटे कळमन्यात संत्री मोजते,
संध्याकाळी पोलीस भरतीचा गोळा फेकते.
गोळा मनपाचा होता, परत नेला.
आता दगड आहे,
कळमन्याच्या काट्यावर तोलून आणलेला,
चार किलोला वीस ग्रॅम जास्त.
"जास्तीचाच बरा, काका," म्हणते,
आणि मागे न बघता फेकते
भिंतीवर पुसट उरलेल्या
'वाहने थांबवा'च्या पलीकडे.

सगळंच टिकलं असं नाही.
दोन संगणक टेम्पोत घालून नेले.
शनिवारची ती ताई गेली,
जिच्याशी पोरं दार लोटून बोलायची.
काय बोलायची ते मला ठाऊक नाही.
ती गेली आणि महिन्याभरात
क्षितिज गजभिये यायचा थांबला.
मी दोनदा गेलो त्याच्या घरी.
पहिल्यांदा आतून कोणी म्हणालं, "झोपला हाय."
दुसऱ्यांदा कुलूप होतं.
त्या कुलपाची किल्ली
कोणत्याच पत्राचा विषय नाही.
प्रांजू त्याचं नाव अजून पुकारते.
तिथं कोणी गंमत करत नाही.

परवा पोरांनी विचारलं,
काका, पद भरलं तर?
मी म्हणालो, भरू द्या.
मागच्या पावसाळ्यात दाराचं कुलूप गंजून बसलं,
उघडेचना; दगडानं फोडलं,
यामिनीच्याच.
नवीन आणलं वर्गणीतून,
आणि त्याच्या सात किल्ल्या करून घेतल्या.
एक सायकलवाल्याकडं,
एक जुनैदच्या अम्मीकडं,
बाकीच्या कोणाकडं ते सांगणार नाही.

मनपाची किल्ली माझ्या शर्टाच्या खिशात आहे,
तेल लावून, रुमालात.
आवक लिपिक रुजू झाला
की त्याच दिवशी जमा करीन.
पावती घेऊन.